एकच जागा, दोन मायक्रोस्कोप: एएफएमला नमुना नेण्याआधी

शिरूर-दौंड भागातून एक प्रश्न वरचेवर येतो. विचारणारे दोन प्रकारचे असतात: एम.एस्सी.चा प्रोजेक्ट किंवा पीएच.डी. करणारे विद्यार्थी, आणि रांजणगाव किंवा कुरकुंभ एमआयडीसीतल्या कंपन्यांच्या क्वालिटी विभागातले लोक. प्रश्न साधारण असा: आमच्या मायक्रोस्कोपमध्ये पेशी दिसते, डाग दिसतो, ओरखडा दिसतो, पण त्याची उंची किती, पृष्ठभाग किती खडबडीत, ते कळत नाही. एएफएम (अ‍ॅटॉमिक फोर्स मायक्रोस्कोप) केले की कळते म्हणतात. मग एएफएम आणि ऑप्टिकल एकत्र जोडलेले यंत्र कुठे मिळेल?

उत्तर आधीच सांगतो. तुमच्यापैकी बहुतेकांना तसे जोडयंत्र लागतच नाही. ऑप्टिकलखाली जी जागा पाहिली तीच एएफएमखाली पुन्हा सापडली की काम झाले, आणि ती सापडेल की नाही हे पुण्याला जाण्याच्या आधी, तुमच्या स्वतःच्या टेबलावर ठरते. नमुना चुकीच्या काचेवर बसवून नेलात तर देशातले सर्वांत महागडे यंत्रही उपयोगाचे नाही.

दोन्ही का लागतात

महाविद्यालयातल्या मायक्रोस्कोपचे ४०एक्स ऑब्जेक्टिव्ह बहुधा ०.६५ एनएचे असते. हिरव्या प्रकाशात ते सुमारे ०.४ मायक्रोमीटरपेक्षा जवळचे दोन ठिपके वेगळे दाखवू शकत नाही. तेल लावून वापरायचे १.२५ एनएचे १००एक्स घेतले तरी गाडी ०.२२ मायक्रोमीटरच्या आसपास अडते. ही मर्यादा प्रकाशाची आहे, भिंग पुसून ती जात नाही.

एएफएममध्ये प्रकाशाने चित्र काढायचे नसते. कॅन्टिलिव्हर नावाच्या बारीक पट्टीच्या टोकाला टिप असते. तिचे टोक साधारण १० नॅनोमीटर किंवा त्याहून अणकुचीदार असते आणि ते पृष्ठभाग चाचपत ओळीओळीने फिरते. पट्टी किती वाकली हे लेझर सांगतो. बिनिग, क्वेट आणि गर्बर यांनी हे तंत्र १९८६ मध्ये मांडले. त्याच वर्षी बिनिग आणि रोहरर यांना आधीच्या एसटीएमसाठी (स्कॅनिंग टनेलिंग मायक्रोस्कोप) नोबेल मिळाले. आपल्याकडे पुणे विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागात प्रा. सी. व्ही. धर्माधिकारी यांनी या कुळातली उपकरणे स्वतः बांधली. सगळे काही आयात झाल्यावरच सुरू झाले असे समजू नका.

एएफएमला उंची नॅनोमीटरमध्ये कळते, पण त्याची खिडकी लहान. बहुतेक यंत्रांत एका वेळी जास्तीत जास्त १०० बाय १०० मायक्रोमीटर जागा फिरता येते, आणि वरखाली १० ते १५ मायक्रोमीटर. ४०एक्समधून तुम्हाला सुमारे अर्धा मिलिमीटर रुंद क्षेत्र एका नजरेत दिसते. समोर दिसतेय ती पेशी कोणती, डाग गंजाचा की रंगाचा, कोणता भाग चमकतोय, हे प्रकाशच सांगतो. एएफएमला रंग कळत नाही.

आधी हे ठरवा: एकाच वेळी की एकामागून एक?

स्वतःला एकच प्रश्न विचारा: दोन चित्रांच्या मधल्या वेळात माझा नमुना बदलणार आहे का?

- बदलणार असेल, म्हणजे जिवंत पेशी, द्रावणात वाढणारे स्फटिक, औषध टाकल्यावर आकसणारे जिवाणू, तर जोडयंत्र लागेल. त्यात खाली उलटा ऑप्टिकल मायक्रोस्कोप आणि वर एएफएमचे डोके असते.
- बदलणार नसेल, म्हणजे वाळवलेले डायटम, पातळ थर, पॉलिश केलेला धातू, रंगाचा लेप, फिक्स केलेल्या पेशी, तर आधी ऑप्टिकल, नंतर एएफएम. दोन वेगळ्या गावांत, दोन वेगळ्या दिवशी केलेत तरी चालते.
- नमुनाच एएफएमजोगा नसेल तर दोन्ही विसरा. उसाचे पान किंवा कांद्याची साल आहे तशी आणणारे बरेच असतात. त्यांच्या चढउतारांपुढे १०-१५ मायक्रोमीटरची झेप अपुरी पडते आणि टिप भिंतीला अडकते. अशा नमुन्यांसाठी एसईएम करा. ते स्वस्तात होते आणि चित्रही चांगले येते.

पुढचा बराचसा मजकूर यातल्या दुसऱ्या गटासाठी, म्हणजे ज्यांचा नमुना बदलणार नाही त्यांच्यासाठी आहे, कारण तुम्ही बहुसंख्य तेच आहात.

नमुना कशावर बसवायचा

इथेच सर्वांत जास्त फेऱ्या वाया जातात. वनस्पतिशास्त्र आणि प्राणिशास्त्राच्या विद्यार्थ्यांना कायमस्वरूपी स्लाइड करायची सवय असते: नमुना, त्यावर डीपीएक्स किंवा ग्लिसरीन, त्यावर कव्हरस्लिप. अशी स्लाइड एएफएमखाली ठेवली तर यंत्र तुमच्या कव्हरस्लिपचा पृष्ठभाग प्रामाणिकपणे मोजून देईल. नमुना उघडा असला पाहिजे.

पण उघड्या नमुन्यावर ४०एक्स धूसर दिसते, कारण ते ऑब्जेक्टिव्ह ०.१७ मिलिमीटर काचेतून पाहण्यासाठीच बनवलेले असते. आणि १००एक्ससाठी नमुन्यावर तेल टाकलेत तर तो एएफएमच्या दृष्टीने संपला. यावर सोपी युक्ती आहे. नमुना स्लाइडवर न घेता कव्हरस्लिपवर घ्या. जाडी ‘१.५ नंबर’ म्हणून मिळते ती. वाळल्यावर कव्हरस्लिप पालथी करा, म्हणजे नमुना खालच्या बाजूला येईल. चार कोपऱ्यांखाली काचेचे बारीक तुकडे ठेवून ती स्लाइडपासून उचलून धरा, आणि वरून, काचेतून पाहा. आता तेलही चालेल, कारण ते नमुन्याच्या उलट्या बाजूला पडते. नंतर लेन्स पेपरवर थोडे आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन ते पूर्ण पुसून काढा. तेलकट काच एएफएमच्या स्टेजवर ठेवलीत तर तिथला ऑपरेटर तुम्हाला पुन्हा वेळ देताना दहादा विचार करेल.

याची किंमत एक: असे पाहिलेले चित्र एएफएमच्या चित्राच्या तुलनेत आरशातले असते. ते लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

अगदी सपाट पाया हवा असेल, उदाहरणार्थ डीएनए किंवा प्रथिनांसाठी, तर अभ्रक. चिकटपट्टीने वरचा पापुद्रा सोलला की खाली अणूच्या पातळीवर सपाट, ताजा पृष्ठभाग मिळतो. मात्र जाड अभ्रकातून ऑप्टिकल चित्र बिघडते, म्हणून अगदी पातळ पापुद्रा कव्हरस्लिपवर चिकटवून घ्यावा. डायटम किंवा जिवाणूंसाठी साधी स्वच्छ काच पुरते.

घोडनदीचे डायटम: एक पूर्ण उदाहरण

डायटम हे या कामासाठी फार सोयीचे पात्र आहे. सिलिकाचे कवच, त्यावर नियमित छिद्रे. कवचाचा आकार साध्या मायक्रोस्कोपला दिसतो, बारीक छिद्रांसाठी एएफएम हवे. नमुना घोडनदीच्या किंवा भीमेच्या काठी फुकट मिळतो. मुळा-मुठा भीमेला मिळते ते रांजणगाव सांडस तुमच्याच भागात आहे (एमआयडीसीचे रांजणगाव गणपती वेगळे). संगमाच्या वर आणि खाली असे दोन नमुने घेतलेत तर प्रोजेक्टला तुलनेचा विषयही मिळतो.

पाण्यातल्या दगडावरचा तपकिरी थर टूथब्रशने खरवडून बाटलीत घ्या. हायड्रोजन पेरॉक्साइड घालून तापवा, सेंद्रिय भाग जळून जातो. काही जण नायट्रिक आम्ल वापरतात. ते फक्त फ्यूम हूडमध्ये आणि शिक्षक समोर असतानाच. मग ऊर्ध्वपातित पाण्याने पुन्हा पुन्हा धुवा. या धुण्यात घाई केलीत तर वाळताना पाण्यातले क्षार काचेवर बसतात, आणि एएफएममध्ये डायटमऐवजी मिठाचे डोंगर दिसतात. थेंब पातळ करून कव्हरस्लिपवर वाळवा. गर्दी नको, एकमेकांवर चढलेली कवचे निरुपयोगी. नेव्हिक्युला, निट्झ्शिया अशी लांबट, चपटी कवचे निवडा. उंच, गोल डब्यासारखी सोडून द्या, टिप त्यांच्या कडेवरून घसरते.

खूण करा, आणि ती वेडीवाकडी करा

मोजणीदार शेतात आला की आधी हद्दीचा दगड शोधतो. दगड हरवला असेल तर पुढची सगळी मापे वादात. तुमच्या काचेवरही असा दगड हवा.

काच धुण्याच्या आधी डायमंड पेन्सिलने तिच्यावर ‘र’ किंवा ‘फ’ सारखे अक्षर कोरा, नमुना बसणार त्याच बाजूला. आधी कोरायचे कारण, कोरताना उडणारी काचेची पूड धुण्यात निघून जाते. क्रॉस, गोल, त्रिकोण नको: ते आरशातही तसेच दिसतात. अक्षर उलटे दिसले की चित्र आरशातले आहे हे लगेच कळते. यापुढे जायचे तर टीईएममध्ये वापरतात ती अक्षरांकित तांब्याची जाळी नमुन्याशेजारी चिकटवा, किंवा जाळी छापलेल्या कव्हरस्लिप विकत घ्या. त्या महाग असतात. पहिल्या खेपेला डायमंड पेन्सिल पुरते.

कारखान्यातल्या वाचकांचे काम याहून सोपे आहे. पोलाद अपारदर्शक, त्यामुळे वरूनच पाहायचे. तुमचा मेटॅलर्जिकल मायक्रोस्कोपही वरून पाहतो आणि एएफएमही, आरशाची भानगड नाही. खूण म्हणून तुमचे मायक्रोहार्डनेस यंत्र वापरा. हव्या त्या जागेच्या भोवती विकर्सचे तीन ठसे, असमान अंतरावर. ठशाच्या कडेला धातू फुगून वर येतो, म्हणून मोजायची जागा ठशापासून त्याच्या काही पट अंतरावर राहू द्या. नायटलने एचिंग हलकेच करा. डोळ्याला छान दिसणारे खोल एचिंग एएफएमला खड्ड्यांसारखे वाटते. नंतर अल्कोहोलने धुऊन, वाळवून, सिलिका जेलच्या डबीत ठेवा. पावसाळ्यात एका रात्रीत गंज धरतो आणि मग तुम्ही गंजाचा खडबडीतपणा मोजून आणता.

शिरूरमध्ये करायचे काम

शिरूरच्या चांदमल ताराचंद बोरा महाविद्यालयासारख्या ठिकाणी विज्ञान शाखा आहे. ऑप्टिकलचा भाग स्वतःच्या महाविद्यालयातच उरका. क्रम असा ठेवा:

1. ४एक्सवर खुणेचे अक्षर आणि आजूबाजूचा भाग, एक चित्र.
2. १०एक्सवर खुणेपासून हव्या जागेपर्यंतची चित्रांची साखळी. प्रत्येक चित्रात मागच्या चित्राचा थोडा भाग आला पाहिजे.
3. ४०एक्सवर प्रत्यक्ष जागा.
4. प्रत्येक ऑब्जेक्टिव्हवर स्टेज मायक्रोमीटरचा एक फोटो. तो नसेल तर तुमच्या चित्राला माप नाही.

एका कव्हरस्लिपवर निदान पाच-सहा जागा अशा नोंदवा. एखादे कवच प्रवासात निघून जाते, एखाद्यावर धूळ बसते. मोबाइलने आयपीसमधून काढलेले फोटो जागा शोधायला चालतात, पण कडेला ते वाकडे होतात. मापे त्यावरून काढू नका.

वेळ कुठे आणि कशी मिळवायची

पुण्यात सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ, पाषाणची एनसीएल आणि आयसर या तिन्ही ठिकाणी एएफएम आहे. मुंबईत पवईच्या आयआयटीत जैविक नमुन्यांसाठी बायो-एएफएमची सुविधा आहे. जिवंत पेशींचे काम असेल तर तिकडे चौकशी करा. कोणते यंत्र बाहेरच्यांना खुले आहे हे पाहायला आय-स्टेम हे सरकारी पोर्टल वापरा. जानेवारी २०२० मध्ये ते सुरू झाले. त्यावर देशभरातल्या संस्थांची उपकरणे नोंदलेली असतात आणि वेळही तिथूनच मागता येते.

अर्ज करण्याआधी ऑपरेटरला हे विचारा:

- नमुना जास्तीत जास्त किती मोठा आणि किती जाड चालतो? काही यंत्रांना १२ ते १५ मिलिमीटरची चकतीच लागते. २२ मिलिमीटरची कव्हरस्लिप बसणार नाही.
- वरचा कॅमेरा आहे का, आणि त्यात किती बारीक दिसते? तुमची खूण त्या कॅमेऱ्यालाच शोधायची आहे.
- उलटा मायक्रोस्कोप जोडलेला आहे का? असल्यास कोणती ऑब्जेक्टिव्ह, कोणते फिल्टर?
- टिप दरात धरलेली आहे की वेगळी? मोडली तर पैसे कोणाचे?
- दर तासाला की नमुन्याला? जीएसटी धरून की वेगळा?

विद्यार्थ्यांसाठी आणि कंपन्यांसाठी दर वेगळे असतात. विद्यार्थी असाल तर विभागप्रमुखांच्या सहीचे पत्र आधीच तयार ठेवा.

वेळेचा हिशेब स्वतः करून पाहा. ५१२ ओळींचे चित्र, सेकंदाला एक ओळ, म्हणजे साडेआठ मिनिटे. टिप बसवणे, लेझर जुळवणे, जागा शोधणे यात पहिला अर्धा तास सहज जातो. एका तासात तीन चांगली चित्रे मिळाली तर खूश व्हा. आणि सकाळची वेळ घेतलीत तर वाघोलीच्या कोंडीचा वेळ वेगळा धरा. शिरूरहून अंतर ७० किलोमीटरच्या आसपासच असले तरी त्यावर विसंबू नका. दौंडकरांना रेल्वे बरी, नमुन्यालाही कमी हादरे बसतात.

यंत्रासमोर

कव्हरस्लिप आता नमुना वर करून स्लाइडवर किंवा चकतीवर घट्ट बसवा. मधे पोकळी राहिली तर ती ढोलाच्या कातड्यासारखी थरथरते आणि सगळे चित्र ओळीओळींचे येते. दुहेरी चिकटपट्टी मऊ असते, नमुना तासभर सरकत राहतो. लहान स्कॅनसाठी कोपऱ्यांवर नेलपॉलिश बरे. ते आदल्या दिवशी लावून पूर्ण वाळू द्या.

वाळलेल्या नमुन्यासाठी बहुधा टॅपिंग मोड आणि ताठ कॅन्टिलिव्हर वापरतात. ते ऑपरेटर ठरवेल. तुम्ही आग्रह धरायचा तो क्रमाचा: आधी ५० मायक्रोमीटरचा मोठा स्कॅन, त्यात ऑप्टिकल चित्रातल्या ओळखीच्या दोन-तीन गोष्टी सापडतात का पाहा, मगच १० वर आणि २ वर उतरा. थेट बारीक स्कॅन घेऊन घरी आलेले चित्र कुठले आहे हे नंतर कोणालाच सांगता येत नाही.

जोडयंत्र मिळालेच तर

जिवंत पेशीवाल्यांसाठी थोडक्यात. एएफएमचा स्वतःचा लेझर तांबडा असेल तर तांबडे रंगद्रव्य टाळा. हिरवे किंवा निळे घ्या. लेझर अवरक्त असेल तर बहुतेक रंग चालतात. फ्लुओरोसन्सची चित्रे आधी काढा, स्कॅन चालू असताना शटर बंद ठेवा. एक तर रंग विझत नाही आणि दुसरे म्हणजे प्रकाशाने तापून कॅन्टिलिव्हर वाकत नाही. तेलाचे ऑब्जेक्टिव्ह खालून काचेला जवळजवळ चिकटलेले असते. स्कॅन चालू असताना फोकस फिरवलात तर काच उचलली जाते आणि टिप नमुन्यात घुसते. मऊ कॅन्टिलिव्हर वापरा, ०.०१ ते ०.१ न्यूटन प्रति मीटरचे, आणि बल एका नॅनोन्यूटनच्या खाली ठेवा. स्टेजवर कार्बन डायऑक्साइडची सोय नसेल तर हेपीस बफर असलेले माध्यम न्या. दिवे, कॅमेरे सगळे तासभर आधी चालू करायला सांगा. यंत्र तापत असताना चित्र सरकते.

चित्रे जुळवताना

दोन्ही कामे फुकटच्या सॉफ्टवेअरने होतात. एएफएमची फाइल ग्विडियनमध्ये उघडा, पृष्ठभाग समतल करा, ओळी जुळवा आणि चित्र बाहेर काढा. मग फिजीमध्ये ऑप्टिकल आणि एएफएम चित्रांवर जुळत्या खुणांच्या जोड्या द्या. गरज असेल तर ऑप्टिकल चित्र आधी आरशासारखे उलटे करा. कोरलेले अक्षर काय करायचे ते सांगेल.

इथे दोन चुका सर्रास होतात. पहिली, जी गोष्ट सिद्ध करायची तिच्यावरच खूण ठेवणे. ‘चमकणारा ठिपका आणि उंचवटा एकाच जागी आहेत’ हे तुम्हाला दाखवायचे असेल आणि जुळवणीही त्याच ठिपक्यावर केली असेल, तर ते जुळणारच, त्यात सिद्ध काय झाले? दुसरी, चित्र वाटेल तसे ताणणारी पद्धत निवडणे. सरकवणे, फिरवणे, मोठे-लहान करणे आणि फार तर थोडे तिरके करणे, इतकेच करू द्या.

सहा जोड्या द्या, जुळवणीसाठी चारच वापरा. उरलेल्या दोन किती चुकतात ते मोजा. तीच तुमची चूक, ती प्रबंधात लिहा. ४०एक्सचे चित्र असेल तर ती अर्ध्या मायक्रोमीटरच्या आसपास येईल. त्याहून बारीक दावा करू नका, परीक्षक नेमके तिथेच बोट ठेवतात.

तुमचे हक्क

सरकारी पैशाने घेतलेली उपकरणे बाहेरच्यांनाही वापरता यावीत यासाठी केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाने २०२२ मध्ये ‘श्रीमान’ नावाची मार्गदर्शक तत्त्वे काढली. त्यांच्यामुळे तुम्हाला अमुक दिवशी वेळ मिळेलच असे नाही, पण ‘बाहेरच्यांना देत नाही’ असे उत्तर मिळाले तर लेखी कारण मागताना त्यांचा उल्लेख करा.

पैसे भरून वेळ घेतली असेल तर या गोष्टी बेधडक मागा: यंत्राची मूळ फाइल, नुसती जेपीजी नाही; कोणती टिप, कोणता वेग, चित्रावर कोणती प्रक्रिया केली याची नोंद; नमुना परत; आणि पावती. मूळ फाइलशिवाय उंची पुन्हा मोजता येत नाही. रंगीत चित्र फक्त दाखवायला. स्कॅन चालू असताना समोर बसण्याची परवानगीही अर्जातच मागून ठेवा, कारण जागा तुम्हीच ओळखू शकता. ऑपरेटरचे आभार मानणे रास्त. सहलेखक म्हणून नाव घालायचे की नाही हे त्याने विचारात भर घातली का यावर ठरवा, आणि ते आधी बोलून घ्या.

कंपन्यांनी आणखी एक करायचे. लेप किंवा प्रक्रिया नवी असेल आणि पेटंटचा विचार असेल तर नमुना बाहेर देण्याआधी गोपनीयतेचा करार करा, आणि अर्ज दाखल होईपर्यंत ती चित्रे परिषदेत किंवा पोस्टरवर जाऊ देऊ नका. आधी जाहीर झालेली गोष्ट भारतीय पेटंट कायद्यात सहसा नवी धरली जात नाही. अर्जात नमुन्याला कंपनीचा सांकेतिक क्रमांक द्या आणि घटक लिहिताना सुरक्षेला आवश्यक तेवढेच लिहा. नमुना विषारी, ज्वालाग्राही किंवा जैविक धोक्याचा असेल तर मात्र ते लपवायचा हक्क कोणालाच नाही. कुरकुंभच्या रसायनांबाबत तर मुळीच नाही.